'एनिकाइट' : सत्तेने दिलेले आणि सत्तेनेच मोडलेले वृत्तपत्र

१

पीडित समाजाच्या वृत्तपत्रांचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकच नमुना असतो : सत्तेच्या विरोधात उभे राहिलेले, पदरमोड करून चालवलेले आणि वर्गणीअभावी बंद पडलेले वृत्तपत्र. अशा वृत्तपत्राचा गौरव करणे सोपे असते, कारण त्याचा मित्र कोण आणि शत्रू कोण हे ठरलेले असते. परंतु ज्या वृत्तपत्राला कागद सत्तेने दिला, छापखाना सत्तेने दिला, संपादक सत्तेने नेमला, आणि तरीही ज्याच्या पानांवर एका संहार पावत असलेल्या समाजाने आपल्या मृतांची नावे लिहून ठेवली, त्याचे मोल कसे करायचे? हा प्रश्न समीक्षेने टाळू नये असे वाटते.

१९४२ ते १९४८ या काळात सोव्हिएत रशियातील ज्यू फॅसिस्टविरोधी समिती 'एनिकाइट' नावाचे यिद्दिश वृत्तपत्र चालवीत होती. 'एनिकाइट' म्हणजे एकजूट. जून १९४२ मध्ये व्होल्गाकाठच्या कुइबिशेव शहरात त्याचा पहिला अंक निघाला. नोव्हेंबर १९४८ मध्ये मॉस्कोत ते बंद करण्यात आले. पुरती साडेसहा वर्षेही भरली नाहीत. त्यानंतर चार वर्षांच्या आत या वृत्तपत्राचे अनेक प्रमुख लेखक गोळ्या घालून मारले गेले. ज्या राज्याच्या विजयासाठी त्यांनी लिहिले त्याच राज्याने त्यांना मारले.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एका रीतीनुसार 'एनिकाइट' हे निव्वळ सरकारी प्रचारपत्र होते; हुजऱ्यांनी लिहिले आणि हुजरे मेले. दुसऱ्या रीतीनुसार ते सगळे हुतात्मे होते; म्हणून त्यांच्या लेखनाची चिकित्सा करणे हा त्यांचा अपमान होय. दोन्ही रीती वृत्तपत्र न वाचता निकाल देतात. प्रस्तुत लेखात त्याच्या पानांवर काय होते, काय नव्हते आणि का नव्हते, याचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम भाषेविषयी. ज्यू म्हटले की आपल्याकडे कोकणातले, मराठी बोलणारे बेने इस्राएल आठवतात. त्यांचा यिद्दिशशी संबंध नाही. यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा. तिचा सांगाडा जर्मन, लिपी हिब्रू, आणि शब्दसंग्रहात हिब्रू, अरमाइक व स्लाव्ह भाषांची मोठी भर. हिब्रू ही 'लोशन-कोयदेश', म्हणजे पवित्र भाषा. यिद्दिश ही 'मामे-लोशन', म्हणजे आईची भाषा. पवित्र भाषा मुख्यतः पुरुष शिकत आणि प्रार्थनामंदिरात वापरत. बाजारात, स्वयंपाकघरात, शिंप्याच्या दुकानात आणि कारखान्यात मात्र यिद्दिश बोलली जाई. शिकलेले लोक तिला 'झार्गन' म्हणून हिणवीत. बायकांसाठी आणि अल्पशिक्षित पुरुषांसाठी म्हणून तिच्यात धार्मिक पुस्तके निघत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंदेले, शोलेम अलेइखेम आणि पेरेत्स यांनी या हिणवलेल्या भाषेला समर्थ साहित्यभाषा केले. १९०८ साली चेर्नोविट्स येथे भरलेल्या परिषदेने ती ज्यूंची एक राष्ट्रीय भाषा आहे असा ठराव केला. 'एकमेव' की 'एक' यावर तेथे कडाक्याचा वाद झाला होता.

१९१७ च्या क्रांतीनंतर बोल्शेविकांनी यिद्दिशला कामगारांची भाषा म्हणून उचलून धरले आणि हिब्रूला पुरोहितांची भाषा म्हणून दाबले. यिद्दिश शाळा निघाल्या, नाटकगृहे निघाली, प्रकाशनसंस्था निघाल्या. काही ठिकाणी न्यायालयांचे कामकाजही यिद्दिशमध्ये चालू लागले. झारच्या राज्यात ज्या भाषेला कोणी विचारत नव्हते तिला राज्याचे अनुदान मिळाले. ही गोष्ट लहान नव्हे, आणि सोव्हिएत व्यवस्थेवर टीका करताना ती विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेरेत्स मार्किश, दाविद बेर्गेल्सन, लेइब क्वित्को हे लेखक विसाच्या दशकात परदेशातून स्वखुशीने तेथे परतले, किंवा पुढे परतले, त्यामागे हेच कारण होते. आपल्या भाषेला तेथे भविष्य आहे असे त्यांना वाटले.

याच काळात शुद्धलेखनही बदलले. यिद्दिशमध्ये हिब्रूतून आलेले शब्द परंपरेने हिब्रूच्याच रीतीने लिहिले जात. सोव्हिएत यिद्दिशने ते उच्चाराप्रमाणे लिहिण्यास सुरुवात केली. 'एमेस' म्हणजे सत्य. मॉस्कोच्या यिद्दिश दैनिकाचे नावही हेच होते. जुन्या रीतीने हा शब्द तीन हिब्रू अक्षरांत लिहीत; नव्या रीतीने तो जसा ऐकू येतो तसा लिहिला जाऊ लागला. तत्सम शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हा वाद ज्या मराठी वाचकाने पाहिला आहे त्याला या बदलातली लोकशाही चटकन कळेल. पण त्याची दुसरी बाजूही आहे. शब्दाचे रूप बदलले की जुने ग्रंथ नव्या वाचकाला परके होतात, आणि सीमेपलीकडचा यिद्दिश वाचकही थोडा दूर जातो. पुरोहिताची मक्तेदारी मोडताना आपल्याच समाजाच्या स्मृतीची दारे किती बंद करायची, हा निर्णय खुद्द भाषिकांनी घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. येथे तो वरून आला.

जे वरून आले ते वरूनच परत घेतले गेले. १९३८ साली 'एमेस' दैनिक बंद झाले. त्याच सुमारास यिद्दिश शाळाही मोठ्या प्रमाणावर बंद झाल्या. १९२६ च्या जनगणनेत सुमारे ७३ टक्के सोव्हिएत ज्यूंनी यिद्दिश मातृभाषा सांगितली होती. १९३९ मध्ये हे प्रमाण सुमारे ४१ टक्के झाले. ही घट केवळ दडपणाने झाली असे नाही. शहरांकडे स्थलांतर झाले होते, रशियनमधून शिक्षण आणि नोकरी मिळत होती, आणि आईबापांनीच मुलांना रशियन शाळेत घातले होते. तरीही एवढे खरे की जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केले तेव्हा मॉस्कोत यिद्दिश वाचकासाठी एकही वृत्तपत्र नव्हते. मिन्स्क आणि कीव येथली यिद्दिश वृत्तपत्रे त्या आक्रमणाबरोबर संपली.

३

'एनिकाइट'च्या जन्माची कथा आणखी एका घटनेशी बांधलेली आहे. हेन्रिक एर्लिख आणि व्हिक्टर आल्टर हे पोलंडमधील 'बुंद' या ज्यू समाजवादी कामगार पक्षाचे पुढारी. १९३९ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना पकडले होते. सप्टेंबर १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली आणि त्यांनी हिटलरविरोधी आंतरराष्ट्रीय ज्यू समितीची योजना अधिकाऱ्यांपुढे मांडली. डिसेंबर १९४१ मध्ये कुइबिशेव येथे त्यांना पुन्हा अटक झाली. एर्लिखने मे १९४२ मध्ये तुरुंगात गळफास घेतला. आल्टरला फेब्रुवारी १९४३ मध्ये गोळी घातली गेली. कल्पना मात्र ठेवून घेण्यात आली. स्वतंत्र बाण्याच्या माणसांना बाजूला काढून तीच कल्पना विश्वासातल्या माणसांकडून राबवणे, ही सत्तेची जुनीच पद्धत आहे.

एप्रिल १९४२ मध्ये समितीची घोषणा झाली. मॉस्कोच्या यिद्दिश रंगभूमीचा थोर नट सॉलोमन मिखोएल्स तिचा अध्यक्ष झाला. शाखनो एपश्टाइन चिटणीस झाला आणि 'एनिकाइट'चा संपादकही. समितीवर सोव्हिएत माहिती विभागाचा उपप्रमुख सॉलोमन लोझोव्स्की याची देखरेख होती. उद्देश उघड होता : परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील ज्यूंकडून पैसा आणि सहानुभूती मिळवणे. १९४३ मध्ये मिखोएल्स आणि कवी इत्सिक फेफर यांना अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर पाठवण्यात आले. ८ जुलै १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर त्यांच्या सभेला सुमारे ५०,००० लोक जमले.

म्हणजे हे वृत्तपत्र आरंभापासून अर्धे निर्यातीचे होते. देशात त्याच्या सुमारे १०,००० प्रती निघत. आरंभी ते महिन्यातून तीनदा निघे, पुढे साप्ताहिक झाले, आणि १९४५ पासून आठवड्यातून तीनदा निघू लागले. १९४३ मध्ये कचेरी मॉस्कोला आली. लाखो वाचकांच्या समाजाला दहा हजार प्रती, हा हिशेब सत्तेच्या हेतूबद्दल पुरेसे सांगतो.

पण वाचकाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९४१ मध्ये मॉस्को रेडिओवरून मिखोएल्स, मार्किश, बेर्गेल्सन, एरेनबुर्ग, आयझेनस्टाइन यांनी जगातील ज्यूंना आवाहन केले, तेव्हा त्यात 'ज्यू बंधूंनो' अशी हाक होती. दोन दशके ज्या राज्यात 'कामगार' आणि 'बूर्झ्वा' याखेरीज माणसाला दुसरी ओळख सांगायची सोय नव्हती, तेथे नात्याचा हा शब्द अधिकृतपणे उच्चारला गेला. घरदार सोडून उझ्बेकिस्तानात किंवा युरालमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या माणसाला आपल्या लिपीतले चार पानांचे वृत्तपत्र हातात पडले तर त्याला काय वाटले असेल? त्याने ते प्रचारपत्र म्हणून वाचले नाही. आपण अजून आहोत याचा पुरावा म्हणून वाचले.

लाल सैन्याच्या लढाईला त्या काळी जगभरच्या शोषितांनी आपली लढाई मानले, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तो याच काळात. स्टालिनग्राडची लढाई चालू होती तेव्हा कुइबिशेवहून 'एनिकाइट'चे पहिले अंक निघत होते. या आशेला भाबडी म्हणून आज हसणे सोपे आहे. हिटलरला रोखणारे सैन्य त्या वेळी खरोखरच तेच होते.

४

आता पानांकडे वळू. 'एनिकाइट'चा मुख्य विषय पराक्रम. ज्यू सैनिक, ज्यू रणगाडाचालक, ज्यू वैमानिक, जंगलातले ज्यू गनिमी लढवय्ये यांच्या हकीकती अंकामागून अंक येत. या हकीकती साच्यातल्या आहेत. नायकाचे बालपण गरिबीत जाते, क्रांती त्याला शिकवते, युद्धात तो शत्रूचे अमुक रणगाडे उडवतो, शेवटी स्टालिनचे नाव येते. कलेच्या दृष्टीने यातले बरेचसे लेखन सामान्य आहे, आणि ते तसे आहे असे म्हणण्यात संकोच नसावा.

मात्र हा साचा कशासाठी वापरला जात होता तेही पाहिले पाहिजे. युद्धकाळात सोव्हिएत समाजात एक कुजबूज पसरली होती की ज्यू लोक आघाडीवर नाहीत, ते ताश्कंदमध्ये बसून लढतात. वस्तुस्थिती अशी की सुमारे पाच लाख ज्यू लाल सैन्यात लढले आणि अंदाजे दोन लाख मेले. 'एनिकाइट'ला या कुजबुजीचे नाव घेऊन उत्तर देण्याची मुभा नव्हती, कारण सोव्हिएत समाजात ज्यूद्वेष नाही हे अधिकृत सत्य होते. ज्या आरोपाचा उल्लेख करता येत नाही त्याला उत्तर कसे द्यायचे? नावे छापून, गावे छापून, पदके मोजून. समितीच्या फेब्रुवारी १९४३ च्या बैठकीत एरेनबुर्गने याच कुजबुजीविरुद्ध ज्यू सैनिकांवर पुस्तक काढण्याची गरज बोलून दाखवली होती. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कंटाळवाण्या याद्या वेगळ्या वाचता येतात. वरून ती स्तुती आहे. आतून ती कैफियत आहे.

पण याच ठिकाणी एक कठोर प्रश्नही विचारायला हवा. आपले माणूसपण सिद्ध करायला दर वेळी पदकांची यादी का द्यावी लागावी? ज्याने एकही रणगाडा उडवला नाही त्या म्हाताऱ्या शिंप्याचे काय? खड्ड्याच्या कडेला उभ्या केलेल्या लहान मुलीचे काय? वीरतेच्या साच्यात त्यांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी 'एनिकाइट'ला दुसरी भाषा शोधावी लागली, आणि जिथे ती सापडली तिथे हे वृत्तपत्र साहित्याच्या पातळीवर जाते.

फेफरची 'मी ज्यू आहे' ही कविता या दोन भाषांच्या मधली आहे. ती डिसेंबर १९४२ मध्ये 'एनिकाइट'मध्ये आली. तिच्यात बायबलमधला सॅमसन आहे, रब्बी अकिवा आहे, आणि स्टालिनही आहे. काव्य म्हणून ती घोषणेच्या अंगाने जाते. मार्किशच्या युद्धकाळातील कवितेचा पल्ला आणि तिची प्रतिमासृष्टी तिच्यात नाही. पण पक्षाशी अत्यंत एकनिष्ठ असलेल्या कवीने आपल्या पूर्वजांना नावाने हाक मारावी, यालाच त्या काळी अर्थ होता. नकार देणारी कविता ही नव्हे. परवानगीच्या रेषेवर उभे राहून जेवढे मागता येईल तेवढे मागणारी कविता आहे.

५

'एनिकाइट'मधला सर्वांत महत्त्वाचा मजकूर मूळचा यिद्दिशमधला नाही. वासिली ग्रॉसमन हा रशियन भाषेत लिहिणारा लेखक, लाल सैन्याच्या मुखपत्राचा युद्धवार्ताहर. सप्टेंबर १९४१ मध्ये बेर्दिचेव येथे झालेल्या कत्तलीत त्याची आई मारली गेली होती. १९४३ च्या शरद ऋतूत तो सैन्याबरोबर युक्रेनमध्ये शिरला. त्याने जे पाहिले त्यावर 'ज्यूंविना युक्रेन' हा लेख लिहिला. सैन्याच्या रशियन मुखपत्राने तो छापला नाही. तो यिद्दिश भाषांतरात 'एनिकाइट'ने २५ नोव्हेंबर आणि २ डिसेंबर १९४३ च्या अंकांत छापला. दोन भाग आले आणि पुढचा मजकूर आलाच नाही.

या लेखाचे बळ त्याच्या रचनेत आहे. ग्रॉसमन कत्तलीचे वर्णन करत बसत नाही. गावोगाव आता कोण उरलेले नाही हे तो सांगतो. शिंपी, टोप्या शिवणारे, चांभार, पत्र्याचे काम करणारे, सोनार, रंगारी, पुस्तकबांधणी करणारे, शिक्षक, डॉक्टर, आज्या, तान्ही मुले. धंदा, वय, स्वभाव असे करत यादी वाढत जाते. यादी हा प्रकार हिशेबनिसाचा. पण येथे तिच्यातून एक अख्खे गाव उभे राहते आणि त्याच क्षणी ते नाहीसे झाल्याचे कळते. पदकांच्या यादीत ज्यांना जागा नव्हती ते सगळे या यादीत आले आहेत. आपल्या समाजाच्या धंद्यांची आणि हातांची नावे साहित्यात आणणे म्हणजे काय, हे ज्यांना कळते त्यांना या लेखाची महत्ता वेगळी सांगावी लागणार नाही.

तो यिद्दिशमध्ये आला आणि रशियनमध्ये आला नाही, यातच त्या राज्याचे धोरण दिसते. ज्यूंच्या मृत्यूविषयी ज्यूंनी आपापसात, आपल्या भाषेत, दहा हजार प्रतींपुरते बोलावे. शेजाऱ्याला ते ऐकू जाऊ नये. ज्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हे घडले, आणि ज्यांपैकी काहींचे हात त्यात गुंतले होते, त्या वाचकापर्यंत हा लेख अनेक दशके पोहोचला नाही. अर्थात भिंत सर्वत्र सारखी नव्हती. त्रेब्लिंका छावणीवरचा ग्रॉसमनचा लेख १९४४ मध्ये एका रशियन मासिकात आला. पण ती छावणी पोलंडमधली होती. सोव्हिएत भूमीवर, गावच्या ओढ्यात, गावच्या खाणीत झालेली कत्तल हा प्रश्न नाजूक होता.

कीवजवळच्या बाबी यार येथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत जर्मनांच्याच नोंदीनुसार ३३,७७१ ज्यू मारले गेले. सोव्हिएत चौकशी आयोगाचा कीवविषयीचा अहवाल १९४४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला तेव्हा मसुद्यातला 'ज्यू' हा शब्द काढून तेथे 'शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक' असे शब्द घालण्यात आले. वरवर पाहता हे शब्द उदार वाटतात. सगळे नागरिक समान, मग जातिधर्माचा उल्लेख कशाला? पण मारणाऱ्याने निवडून मारले होते. मारताना ज्यू म्हणून वेगळे काढायचे आणि रडताना मात्र नागरिक म्हणून सामावून घ्यायचे, हा समतेचा व्यवहार नव्हे. सर्वसमावेशक शब्द वापरून विशिष्टाचे दुःख पुसण्याची ही युक्ती आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

'एनिकाइट'ने या पुसण्याविरुद्ध जमेल तितके काम केले. जुलै १९४३ मध्ये त्याने वाचकांना आवाहन केले की नाझी अत्याचारांची जी माहिती तुमच्याकडे असेल ती पाठवा. पत्रे, रोजनिशा, वाचलेल्यांच्या जबान्या येऊ लागल्या. विल्ना घेट्टोतून निसटून जंगलात लढलेला कवी अव्रोम सुत्सकेवर मार्च १९४४ मध्ये विमानाने मॉस्कोला आणला गेला. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याने साक्ष दिली. या साहित्यातून एरेनबुर्ग आणि ग्रॉसमन यांच्या संपादनाखाली 'काळे पुस्तक' तयार झाले. अनेक लेखकांनी त्यासाठी जबान्या लिहून काढल्या. १९४७ मध्ये पक्षाच्या प्रचारखात्याने अभिप्राय दिला की जर्मनांनी फक्त ज्यूंचाच संहार केला असा चुकीचा समज या पुस्तकामुळे होतो. पुस्तक थांबवले गेले, आणि १९४८ मध्ये त्याचे जुळलेले टंक मोडून टाकण्यात आले. ते रशियन भाषेत प्रथम १९८० साली जेरुसलेम येथे निघाले.

आता 'एनिकाइट'च्या मौनाविषयी. युद्ध संपत आले तसे लोक आपल्या गावी परतू लागले. त्यांच्या घरांत दुसरे राहत होते. सामान गेले होते. कामावर घेत नव्हते. याविषयी समितीकडे पत्रे येत. मिखोएल्स आणि एपश्टाइन यांनी १९४४ मध्ये मदतवाटपातील भेदभावाबद्दल मोलोतोवकडे लेखी तक्रारही केली. पण वृत्तपत्रात या तक्रारींना जागा नव्हती. तेथे पुनर्रचना होती, उत्साह होता, राष्ट्रांची मैत्री होती. मेलेल्या ज्यूंबद्दल थोडे बोलता येत होते, जिवंत ज्यूच्या बंद घराबद्दल मुळीच नाही. या दोन गोष्टींतले अंतर म्हणजे 'एनिकाइट'ची मर्यादा. ती संपादकांच्या भित्रेपणाची मर्यादा म्हणून सोडून देता येत नाही. ज्याचे कुलूप दुसऱ्याच्या हाती आहे अशा प्रत्येक व्यासपीठाची ती मर्यादा आहे.

६

१९४५ मध्ये एपश्टाइन वारला आणि ग्रिगोरी झिट्स संपादक झाला. परदेशातून पैसा आणण्याची गरज संपली होती, आणि अमेरिकेशी दुरावा सुरू झाला होता. १९४६ पासूनच समिती बंद करावी अशा सूचना वर जाऊ लागल्या. १२-१३ जानेवारी १९४८ च्या रात्री मिन्स्क येथे सुरक्षा खात्याच्या माणसांनी मिखोएल्सला मारले आणि तो वाहनाखाली सापडल्याचा देखावा केला. मॉस्कोत त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली. ज्यांनी मारले त्यांनीच पुष्पचक्र वाहिले. २० नोव्हेंबर १९४८ रोजी समिती विसर्जित करण्याचा निर्णय झाला, 'एनिकाइट' बंद झाले, आणि काही दिवसांतच 'एमेस' प्रकाशनसंस्थाही. मार्किशचे 'युद्ध' हे महाकाव्य त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते.

अटकाही झाल्या. फेफर, मार्किश, बेर्गेल्सन, क्वित्को, होफश्टाइन, लोझोव्स्की, मिखोएल्सनंतर रंगभूमी सांभाळणारा झुस्किन. वैज्ञानिक लीना श्टेर्न. भाषांतरकार आणि संपादकीय कामगार. कादंबरीकार देर निस्तर १९५० मध्ये छावणीत मेला. 'एनिकाइट'साठी लिहिणारे श्मुएल पेर्सोव आणि मिरियम झेलेझ्नोवा यांना नोव्हेंबर १९५० मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. पेर्सोवने मॉस्कोच्या स्टालिन मोटार कारखान्यातील ज्यू कामगारांविषयी लिहिले होते. झेलेझ्नोवाने पदक मिळालेल्या ज्यू सैनिकांची माहिती जमवली होती. ज्या याद्यांना आपण वर कैफियत म्हटले त्या आता गुन्ह्याचा पुरावा झाल्या.

मुख्य खटला मे ते जुलै १९५२ मध्ये लष्करी न्यायासनापुढे बंद दाराआड चालला. आरोपी १५. त्याची कागदपत्रे १९९४ मध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला ती वाचता आली. समीक्षकाने ती आवर्जून वाचावीत, कारण तो बऱ्याच अंशी साहित्याचा खटला आहे. लेख आणि कविता तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली गेली होती. बायबलमधली प्रतिमा का वापरली, ज्यूंच्या पराक्रमाचा वेगळा उल्लेख का केला, भूतकाळाविषयी जिव्हाळा का दाखवला, असे प्रश्न आहेत. 'मी ज्यू आहे' ही कवितादेखील आरोपाचा भाग झाली. राज्य स्वतः समीक्षक होऊन बसले आणि शब्दांतून राष्ट्रवाद शोधून काढू लागले. दहा वर्षांपूर्वी याच राज्याने याच शब्दांना परवानगी दिली होती आणि परदेशी पाठवले होते.

आरोपींचे वागणेही एकसारखे नव्हते. फेफर सुरक्षा खात्याचा खबऱ्या होता. आरंभी त्याने इतरांना गुंतवले, आणि अखेरच्या टप्प्यात माघार घेतली. डॉक्टर शिमेलिओविचने बेदम मार खाऊनही गुन्हा कबूल केला नाही. लोझोव्स्कीने आरोपपत्राच्या चिंधड्या केल्या. न्यायाधीश चेप्त्सोवलाही पुराव्याबद्दल शंका आली आणि त्याने फेरतपास मागितला. मालेन्कोवने तो नाकारला. १२ ऑगस्ट १९५२ रोजी १३ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत पाच यिद्दिश लेखक होते. लीना श्टेर्नला तुरुंगवास व हद्दपारी मिळाली. पंधरावा आरोपी बेशुद्धावस्थेत जाऊन १९५३ मध्ये मेला. नोव्हेंबर १९५५ मध्ये शिक्षा रद्द झाल्या, पण ते जाहीर केले गेले नाही. १९५६ च्या एप्रिलमध्ये वॉर्साच्या यिद्दिश कम्युनिस्ट वृत्तपत्राने या लेखकांच्या मृत्यूविषयी लिहिले, तेव्हा जगाला कळू लागले.

७

तर मग 'एनिकाइट'चे मोल काय?

ते प्रचारपत्र होते यात शंका नाही. पण प्रचार करायला बसवलेल्या माणसांनी प्रचाराच्या साच्यातून साक्ष काढली. पदकांच्या यादीतून बदनामीला उत्तर दिले. वाचकांकडून जबान्या मागवल्या आणि हजारो माणसांच्या मरणाची नोंद केली. 'काळे पुस्तक' आणि ग्रॉसमनचा लेख यांवाचून त्या संहाराचा सोव्हिएत भूमीवरचा इतिहास आज लिहिता आला नसता असे नाही, पण तो मारणाऱ्यांच्या कागदांवरून लिहावा लागला असता. हे काम हुजऱ्यांचे नाही.

आणि ते हुतात्म्यांचे स्वच्छ स्मारकही नाही. त्यात खुशामत आहे, खबऱ्याची कविता आहे, एर्लिख आणि आल्टर यांच्या मरणावरचे मौन आहे, बेघर परतलेल्यांच्या पत्रांवरचे मौन आहे. या गोष्टी झाकून जो गौरव होईल तो आपल्या काही कामाचा नाही. त्यांतून जो धडा मिळतो तोच झाकला जाईल.

तो धडा भाषेच्या आणि संस्थेच्या संबंधाचा आहे. सोव्हिएत राज्याने यिद्दिशला शाळा, छापखाना, रंगभूमी दिली; पण यिद्दिश भाषिकांच्या हाती त्यांतली एकही संस्था दिली नाही. म्हणून १९३८ मध्ये एका हुकमाने दैनिक बंद करता आले, १९४२ मध्ये दुसऱ्या हुकमाने वृत्तपत्र काढता आले, आणि १९४८ मध्ये तिसऱ्या हुकमाने ते मोडता आले. तिन्ही वेळा वाचकाला कोणी विचारले नाही. वर्गाच्या नावाने, राष्ट्राच्या नावाने किंवा नागरिकत्वाच्या नावाने जो कोणी आपले व्यासपीठ चालवून देण्याची तयारी दाखवतो त्याला कार्यकर्त्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : किल्ली कोणाकडे राहणार?

व्यासपीठच नाकारावे, असा याचा अर्थ घेऊ नये. १९४२ साली त्या लेखकांपुढे दुसरे व्यासपीठ नव्हते, आणि गप्प बसले असते तर शिंपी, चांभार, आज्या आणि तान्ही मुले यांची ती यादी कोणीच छापली नसती. त्यांनी मिळालेली चार पाने घेतली आणि भरली. ज्यांनी त्यांना मारले त्यांनी टंक मोडले, प्रती दडवल्या, कवींची थडगीदेखील ठेवली नाहीत. छापलेले मात्र उरले, आणि ते वाचता येते. वाचावे.